भारताचं निर्वासित धोरण नेमकं आहे तरी कुठे?

नदीकाठचा

१ सप्टेंबर २०२५ पासून देशात परकीय नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला: इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट, २०२५. पासपोर्टचा १९२० चा, नोंदणीचा १९३९ चा, परकीयांचा १९४६ चा आणि विमान-जहाज कंपन्यांची जबाबदारी ठरवणारा २००० चा, असे चार कायदे मोडीत काढून हा एक आणला. मी तो चाळला तो एकाच गोष्टीसाठी. निर्वासित कोणाला म्हणायचं, हे यात कुठे लिहिलंय का? नाही लिहिलेलं. जीव मुठीत धरून सीमा ओलांडणारा माणूस आणि व्हिसा संपल्यावर गोव्यात रेंगाळलेला पर्यटक, दोघेही कायद्याच्या लेखी सारखेच परकीय.

गंमत पुढे आहे. कायदा लागू झाला त्याच वेळी गृह मंत्रालयाने सवलतींचा एक आदेश काढला. ठरावीक काळात आलेल्या आणि नोंद असलेल्या तिबेटींना सूट. ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या, नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना सूट. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून छळाला कंटाळून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना सूट. सूट कशातून, तर कागदपत्रं नाहीत म्हणून होणाऱ्या कारवाईतून. नागरिकत्वाचा याच्याशी संबंध नाही. त्यासाठी सीएएची (नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची) तारीख वेगळीच आहे, ३१ डिसेंबर २०१४.

माझ्या मते आज भारताचं राष्ट्रीय निर्वासित धोरण म्हणजे हा आदेश. तो वाचला की आपण कोणाला ठेवून घेतो ते कळतं. का ठेवून घेतो ते कळत नाही.

आता श्रेय द्यायचं तिथे हात आखडता घेणार नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जिनिव्हा कराराखाली आपली सही नाही, १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही. तरी १९५९ मध्ये दलाई लामा तवांगच्या बाजूने आत आले, मागोमाग हजारो तिबेटी आले, आणि केंद्राने राज्यांशी बोलून जमिनी मिळवल्या. कर्नाटकात बैलकुप्पे, मुंडगोड, ओडिशात चंद्रगिरी, आजच्या छत्तीसगडमध्ये मैनपाट. वस्त्या बसल्या, शाळा निघाल्या, मठ उभे राहिले. पन्नास वर्षांनंतरही आपली भाषा आणि आपल्या संस्था टिकवून असलेला निर्वासित समाज जगात फार ठिकाणी सापडत नाही. त्यानंतर १९७१. पूर्व पाकिस्तानातून काही महिन्यांत जवळपास एक कोटी माणसं आली. सव्वाआठशे कॅम्प उभे राहिले, आणि युद्ध संपल्यावर बहुतेक लोक परतही गेले. त्या वेळी आपली तिजोरी काय होती ते आठवून बघा.

अडतं ते इथे, की हे सगळं त्या त्या वेळच्या मर्जीवर झालं. तिबेटींना जमीन मिळाली, तमिळांना कॅम्प मिळाला, चितगावच्या डोंगरातून आलेल्या चकमांना अरुणाचलात जागा मिळाली पण नागरिकत्व नाही, रोहिंग्यांना काहीच नाही. तुमचा शेजारी देश कोणता, तुम्ही कुठल्या वर्षी आलात, दिल्लीत तेव्हा कोण होतं, यावर तुमच्या नातवंडांचं आयुष्य ठरतं. कायदा असता तर निदान अर्ज कोणाकडे करायचा आणि नकार आला तर दाद कुठे मागायची एवढं तरी ठरलेलं असतं.

मतं येऊ द्या. सीएएवरची पक्षीय हाणामारी दुसऱ्या धाग्यावर चालू आहे, ती तिथेच असू द्या.

सरळरेषा

मांडणी चांगली, निष्कर्ष पटला नाही. लवचीकपणा ही उणीव नसून तेच आपलं बलस्थान आहे. करारावर सही केली की जिनिव्हातून विचारणा सुरू. आपल्या सीमा कशा आहेत बघा: नेपाळ-भूतानला उघडी, बांगलादेशला चार हजार किलोमीटरच्या वर, म्यानमारला डोंगर-जंगल. युरोपातल्या देशांनी सह्या केल्या आणि आता तेच लोक बोटी अडवतात. आपण सही न करता एक कोटी लोक सांभाळले. मग कोणाचं धोरण बरं?

आणि दक्षिण आशियात अफगाणिस्तान सोडला तर कोणीच सही केलेली नाही. अफगाणिस्तानने केली (२००५). पुढे बोलायला नको.

वारणाकाठ

धाग्यात महाराष्ट्र आलाच नाही म्हणून लिहितो. कोल्हापूरशेजारी वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनने सैबेरियात हाकललेल्या पोलिश लोकांपैकी पाचेक हजार माणसं १९४३ पासून १९४८ पर्यंत इथे राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं होतं. जामनगरजवळच्या बालाचडीत जामसाहेबांनी पोलिश मुलांना आसरा दिला ती गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षातून चारदा येते. वळिवड्याचा कॅम्प त्याहून कितीतरी मोठा, पण तो फॉरवर्ड होत नाही. कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे, बघून या.

पोलिश गेले आणि त्याच जागेत फाळणीनंतर आलेले सिंधी बसवले. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा जातो तिथे. जाणाऱ्यातल्या किती जणांना माहीत असतं देव जाणे.

सवाल_एक

पोलिशांचा खर्च इंग्रज सरकार आणि पोलंडचं लंडनमधलं सरकार बघत होतं हो. त्याला भारताचं धोरण कसं म्हणायचं?

वारणाकाठ

नाहीच म्हणत मी. जागा आपली, शेजार आपला, एवढंच म्हणतोय.

झाडीपट्टी

आमच्याकडची दोन उदाहरणं देतो, धागाकर्त्यांना उपयोगी पडतील.

पहिलं, नॉर्ग्येलिंग. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका, गोठणगाव-प्रतापगडचा भाग (साताऱ्याचा प्रतापगड नव्हे, आमचा वेगळा, महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते तो). महाराष्ट्रातली तिबेटी वस्ती ही. १९७० च्या दशकात बसली, तेव्हा भंडारा जिल्हा होता. शेती करतात, आणि थंडी आली की अर्धी वस्ती स्वेटर विकायला शहरांत. नागपूर-पुण्यात थंडीत जे 'तिबेटी मार्केट' लागतं तो माल बराचसा लुधियान्याचा असतो, एवढं गुपित फोडतो. भांडण-तंटा नाही. मात्र नवी पिढी थांबत नाही. शिकलेला पोरगा बंगळुरूला, तिथून जमलं तर कॅनडा, अमेरिका, युरोप. एकट्या नॉर्ग्येलिंगची ही गोष्ट नाही. देशभरात तिबेटींची संख्या कमी होत चालली आहे.

दुसरं, बंगाली. गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शी या बाजूला जा, मच्छी-भाताचं जेवण आणि दुर्गापूजा. पूर्व बंगालमधून आलेले लोक, दंडकारण्य पुनर्वसन प्रकल्पाच्या काळात बसवलेले. बहुतेक नमःशूद्र. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे पोरगं इथे जन्मलं, मराठी शाळेत शिकलं, दाखल्याच्या वेळी मात्र बंगालच्या यादीचा उपयोग शून्य. आणि आदिवासींना विचाराल तर ते म्हणतील, आमच्या जंगलात यांना जमिनी दिल्या त्या कोणाला विचारून? दोघांचंही बरोबर आहे, तेच तर अवघड आहे.

नदीकाठचा

झाडीपट्टी, फार मोलाचा प्रतिसाद. तुमचं दुसरं उदाहरण उल्हासनगरशेजारी ठेवून बघा.

कल्याणचा लष्करी ट्रान्झिट कॅम्प, तिथे सिंधी बसवले, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी नाव दिलं उल्हासनगर. हे लोक आंतरराष्ट्रीय व्याख्येतले निर्वासित नव्हेत, कारण घटनेनेच त्यांना नागरिक मानलं. पण त्यांच्यासाठी कायदा होता. १९५४ चा, विस्थापितांच्या भरपाई आणि पुनर्वसनाचा. पश्चिम पाकिस्तानात किती मालमत्ता सुटली त्याचा दावा करायचा, तो तपासला जायचा, आणि इथून गेलेल्यांच्या सोडलेल्या मालमत्तेतून भरपाई. उशीर झाला, खोटे दावे झाले, उल्हासनगरच्या जमिनीच्या कागदांचा गुंता आजही पुरता सुटलेला नाही. तरी माणसाला दावा करता येत होता.

पूर्व बंगालमधून आलेल्यांना हा कायदा लागू नव्हता. तिकडून लोक एकदम न येता वीस वर्षं थोडे थोडे येत राहिले, आणि दिल्लीला बराच काळ वाटत राहिलं की हे परत जातील. म्हणून त्यांच्या वाट्याला आला प्रकल्प: १९५८ चा दंडकारण्य. सरकार सांगेल तिथे, सरकार देईल ती जमीन. भातखाचरातल्या माणसाला बस्तरच्या माळावर. १९७८ मध्ये त्यातले हजारो लोक वैतागून सुंदरबनात मरीचझापीला गेले, आणि १९७९ मध्ये पश्चिम बंगालच्या सरकारने त्यांना तिथून कसं हुसकावलं ते पुन्हा सांगत नाही.

एकच राज्य, एकच फाळणी. एकाला कायदा मिळाला, दुसऱ्याला योजना मिळाली. सरळरेषा, लवचीकपणाची किंमत कोण भरतं ते मुलचेऱ्यात दिसतं.

सरळरेषा

उदाहरण दमदार आहे, मान्य. पण ते आपल्याच लोकांच्या पुनर्वसनाचं आहे. परदेशी माणसाला दावा करायचा हक्क द्यायचा हा वेगळा विषय.

माई_ऑनलाइन

१९७१ साली मी शाळेत होते. पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. सुरुवातीला वेगळी तिकिटं छापायला वेळ नव्हता म्हणून कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच 'रिफ्यूजी रिलीफ' असा शिक्का मारून दिलं होतं. आईबाप आणि दोन मुलांच्या त्या चित्रावर निर्वासितांचा शिक्का! वडील म्हणत, सरकारने एका तिकिटात दोन कामं उरकली. ते जादा तिकीट १९७३ पर्यंत चाललं. कुरकुर होती, पण लोक लावत. पाच पैसे तेव्हा काही अगदीच फुकट नव्हते.

पॉपकॉर्नवाला

माई, असे प्रतिसाद अजून येऊ द्या. बाकीचे भांडा, मी बसलोय.

ईशान्यवारी

बँकेच्या नोकरीत काही वर्षं गुवाहाटी आणि आगरतळ्यात काढली. माईंच्या पाच पैशांचा मान राखून सांगतो, १९७१ चा खरा भार टपालाच्या तिकिटावर आला नाही, त्रिपुरावर आला. राज्याची लोकसंख्या पंधरा-सोळा लाख आणि आलेले लोक चौदा लाखांच्या आसपास. ते परत गेले खरे, पण फाळणीपासून येत राहिलेल्यांमुळे तिथले आदिवासी आपल्याच राज्यात अल्पसंख्य होऊन बसले. पुढची सगळी बंडखोरी त्यातून आली.

आसामचंही तेच. सहा वर्षं आंदोलन, मग १९८५ चा करार, २४ मार्च १९७१ ही सीमारेषा. २०१९ च्या एनआरसीत (नागरिकांच्या राष्ट्रीय नोंदणीत) एकोणीस लाख लोक बाहेर, त्यांचं पुढे काय करायचं ते अधांतरी. करारानंतर नागरिकत्व कायद्यात घातलेलं कलम ६-अ २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलं, तरी प्रश्न जागेवरच आहे.

पुण्या-मुंबईत बसून 'माणुसकी दाखवा' म्हणणं सोपं आहे. दिल्ली माणुसकी दाखवते, जमीन आसामची जाते. निर्वासितांचा कायदा करायचाच असेल तर पहिलं कलम हे असावं की भार सगळी राज्यं वाटून घेतील. तिबेटींच्या वेळी कर्नाटकाने हात पुढे केला म्हणून जमलं. महाराष्ट्र आज मिझोराममधल्या हजार निर्वासितांना जागा देईल का? इथेच मतदान घ्या.

सवाल_एक

मतदानाचा निकाल आम्हाला माहीत आहे काका. 😀

नदीकाठचा

ईशान्यवारी, तुमचा मुद्दा माझ्या मूळ लेखात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. मिझोरामचं नाव काढलंत म्हणून थोडं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारात लष्कराने सत्ता घेतली आणि तिथले चिन जमातीचे लोक सीमा ओलांडून यायला लागले. मार्चमध्ये गृह मंत्रालयाने ईशान्येकडच्या राज्यांना लिहिलं: लोकांना आत घेऊ नका, निर्वासित ठरवण्याचा अधिकार राज्यांना नाही. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी थेट पंतप्रधानांना पत्र धाडलं की हे आमचे रक्ताचे लोक आहेत, आम्ही तोंड फिरवू शकत नाही. आणि फिरवलं नाही. तीस हजारांच्या वर लोक तिथे राहिले. चर्च, यंग मिझो असोसिएशन, गावोगावचे लोक यांनी तांदूळ-पत्रे गोळा करून कॅम्प उभे केले. सरकार बदललं तरी भूमिका बदलली नाही. शेजारच्या मणिपूरमध्ये त्याच देशातून, त्याच कारणाने आलेल्या लोकांना अटक झाली, परत पाठवणं झालं. राज्याची सीमा ओलांडली की निर्वासिताचा घुसखोर होतो.

केंद्राने मिझोरामला अडवलंही नाही आणि पैसेही नीट दिले नाहीत. लवचीकपणा म्हणतात तो बहुधा हाच.

कंपालाकर

नोकरीनिमित्त युगांडात आहे. इथलं उदाहरण जगभर आदर्श म्हणून सांगतात, म्हणून आतली बाजू सांगतो.

युगांडाचा २००६ चा कायदा खरोखर उदार. निर्वासिताला काम करता येतं, फिरता येतं, सरकारी शाळा-दवाखान्यात जाता येतं, आणि वस्तीत राहिला तर कसायला जमिनीचा तुकडा मिळतो. दक्षिण सुदान, काँगो इथून आलेले सतरा लाखांवर लोक. आफ्रिकेत सगळ्यात जास्त. २०१६ मध्ये उघडलेली बिडीबिडी वस्ती बघता बघता जगातल्या सगळ्यात मोठ्या वस्त्यांत गेली.

अडचण अशी की लोक वाढत गेले तसा तुकडा लहान होत गेला. आता मिळतो त्यात पोटापुरतं पिकणं कठीण. धान्य येतं परदेशी मदतीवर, आणि ती आटली की शिधा निम्म्यावर येतो किंवा बंद होतो. आजूबाजूच्या गावांचं म्हणणं, सरपण संपलं, झाडं गेली. म्हणजे कायदा असूनही पैसा नसेल तर हाल चुकत नाहीत. तरी एक फरक आहे: इथल्या निर्वासिताला ओळखपत्र असतं आणि पोलिसाने अडवलं तर ते दाखवता येतं.

अवांतर: याच देशाने १९७२ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत हाकललं होतं. आज बाजारात गुजराती दुकानदार परत आहेतच.

कलम_एकवीस

वकिली करतो, म्हणून न्यायालयांची बाजू. कायदा नाही म्हणजे काहीच नाही असं नाही. घटनेचं २१ वं कलम 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतं. त्यावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचल सरकारला बजावलं की चकमांच्या जिवाचं रक्षण करा, त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज पुढे पाठवा. हे लोक १९६४ ते ६९ दरम्यान आलेले. चितगावच्या डोंगरात कप्ताई धरणाखाली जमिनी गेल्या होत्या, त्यात धार्मिक छळ. २०१५ मध्ये न्यायालयाने पुन्हा सांगितलं, तीन महिन्यांत निकाली काढा. अजून बहुतेकांचं अडलेलंच आहे. राज्यातला विरोध इतका तीव्र आहे की निकाल कागदावर राहतो.

उलट २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या अर्जावर तेच न्यायालय म्हणालं की जगण्याचा हक्क सगळ्यांना, पण देशात राहण्याचा हक्क नागरिकाचाच; रीतसर प्रक्रिया करून परत पाठवता येईल. २०२५ च्या मे महिन्यात एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या प्रकरणात खंडपीठाने विचारलं, भारत काय धर्मशाळा आहे का? म्हणजे न्यायमूर्ती कोण यावरही अवलंबून. धागाकर्त्यांच्या 'मर्जी'च्या यादीत ही भर घाला.

जन्माचा घोळ तर वेगळाच. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, आईबाप कोणीही असोत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे तिबेटी मुलीच्या बाबतीत मान्य केलं. तमिळनाडूत मंडपमच्या कॅम्पात १९८६ मध्ये जन्मलेल्या श्रीलंकन तमिळ बाईला याच आधारे मद्रास उच्च न्यायालयाकडून पासपोर्टचा आदेश मिळाला आणि २०२४ च्या लोकसभेला तिने मतदान केलं. तिचा धाकटा भाऊ १९८८ चा असता तर? त्याच कॅम्पात, त्याच खोलीत जन्मूनही तो परका.

खासगी विधेयकं येऊन गेली. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये आणलं, २०२२ मध्ये पुन्हा. न्या. भगवती यांच्या पुढाकाराने आदर्श कायद्याचा मसुदा त्याही आधी झाला होता. कुठल्याच सरकारने हात लावला नाही, कुठल्याच पक्षाच्या.

सरळरेषा

८७-८८ चा मुद्दा डोक्यात बसला. चाळीस वर्षं कॅम्पात ठेवून तिसऱ्या पिढीला परकं म्हणणं योग्य नाही, हे मीही म्हणेन. मुदत ठरवा: दहा वर्षांत परत पाठवता आलं नाही तर कायमचा परवाना. पण आत येण्याचा हक्क कायद्यात लिहू नका. तिथे माझं मत तेच.

नदीकाठचा

एवढं झालं तरी मी धागा काढल्याचं सार्थक मानेन. तुमची दहा वर्षांची अट तमिळांना लावली तर १९८३ मध्ये आलेल्यांना १९९३ मध्येच परवाना द्यावा लागला असता. तमिळनाडूने २०२१ मध्ये कॅम्पांचं नाव बदलून 'पुनर्वसन कॅम्प' केलं, घरं बांधायला घेतली. नागरिकत्व मात्र दिल्लीच्या हातात, आणि सीएएत श्रीलंका नाही.

पौडरोड

धागा वाचत होते, एक व्यावहारिक प्रश्न. आमच्या वरच्या मजल्यावर एक अफगाण मुलगी भाड्याने राहते. पुण्यात शिकायला आली होती, २०२१ च्या ऑगस्टनंतर परत जाता आलं नाही. घरमालक परदेशात, त्यांनी मला विचारलंय की करार नव्याने करायचा तर काय काय लागेल. सोसायटीतले एक-दोघं उगाच कुजबुजतात. तिचा पासपोर्टही संपत आलाय.

कलम_एकवीस

घरमालकाने ती राहायला आल्याची माहिती परकीय नोंदणीच्या पोर्टलवर भरायची असते, मुदत चोवीस तासांची. आधी भरली नसेल तर आता भरा, लपवू नका. भाडेकरार रजिस्टर करा, पोलीस पडताळणीही. पुण्यात परकीयांची नोंदणी पोलीस आयुक्तालयाकडे आहे, व्हिसा वाढवायचा अर्ज संपायच्या आधी तिथेच.

पासपोर्ट हा नाजूक भाग. जुन्या अफगाण सरकारचा दिल्लीतला दूतावास २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाला, आणि मुंबईच्या वकिलातीत आता तालिबानने नेमलेला माणूस आहे. तिथे जायचं की नाही हे तिने ठरवायचं. घरच्यांना तिकडे त्रास होईल का ते तिलाच माहीत. जायचं नसेल तर दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयात नोंद करता येते. ते कार्ड मिळाल्याने भारत सरकार तिला निर्वासित मानेल असं नाही, पण दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज करताना आणि पोलिसांशी बोलताना ते जवळ असलेलं बरं.

पौडरोड

धन्यवाद. पोर्टलचं आजच भरायला सांगते. सोसायटीतल्यांना काय सांगू?

कलम_एकवीस

भाडेकरार आणि पडताळणीची पावती दाखवा. त्यापुढे त्यांचा संबंध नाही.